विश्लेषण : फराळ विकतचा आला, तरी दिवाळीचे काम एकटीवरच का?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघरी एक जुना वाद नव्याने सुरू होतो : फराळ घरी करायचा की विकत आणायचा? एका बाजूला 'घरच्या चकलीची सर नाही' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'एवढा वेळ आहे कुणाला' म्हणणारे. चव आणि परंपरा यांच्या नावाने वाद रंगतो. पण खरा प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे आणि तो या वादात बहुतेक वेळा बाजूलाच राहतो.

फराळाला एवढे कष्ट का पडतात?

फराळाचे पदार्थ मुळात टिकण्यासाठी केलेले आहेत. फ्रिज नसलेल्या काळात दोन-तीन आठवडे राहावेत म्हणून भाजून, तळून त्यांतला पाण्याचा अंश काढला जाई. म्हणूनच त्यांना वेळ लागतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत कापडावर पसरायचे, थोडे ओलसर असतानाच दळायचे आणि गूळ घालून ते पीठ काही दिवस मुरवायचे. लक्ष्मीपूजनाच्या ताटातला अनारसा आठ-दहा दिवस आधीच सुरू झालेला असतो. चकलीसाठी तांदूळ आणि डाळी धुऊन, वाळवून, वेगवेगळ्या भाजायच्या आणि गिरणीवाल्याला 'गव्हावर दळू नका' असे बजावायचे. पिठात मोहन कमी पडले तर चकली कडक, जास्त झाले तर तेलात विरघळते. बेसनाच्या लाडवाला मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हात थांबवता येत नाही.

हे झाले दिसणारे काम. त्याआधी यादी करायची, डबे घासून उन्हात ठेवायचे, कुणाला मधुमेह आहे, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत हे लक्षात ठेवायचे, शेजारी कुणाकडे ताट द्यायचे आणि परदेशातल्या मुलाचे पार्सल कधी निघायला हवे याचा हिशेब मांडायचा. हे काम कढईत दिसत नाही.

पूर्वी हे कसे जमत होते?

वाड्यांत आणि चाळींत करंज्या एकेकटीने होत नसत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असे करत चार-पाच जणी बसत : एक पारी लाटी, एक सारण भरी, एक कातण फिरवी, एक तळी. एकत्र कुटुंबात सासू, जावा, नणंदा असत. या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही; सगळ्यात धाकट्या सुनेच्या वाट्याला काय येई, हे त्या पिढीतल्या बायका सांगतात. पुरुष तेव्हाही कढईजवळ फारसे नव्हते. पण माणसे होती, त्यामुळे श्रम वाटले जात. आता घर दोन खोल्यांचे, माणसे तीन-चार, बहुतेक घरांत करणारी एक आणि तीही अनेकदा नोकरीवाली. माणसे कमी झाली, पदार्थांची यादी मात्र तेवढीच राहिली. मिक्सर आणि फूड प्रोसेसरने हाताचे श्रम वाचवले, पण 'आता सोपे झाले आहे' म्हणत अपेक्षाही वाढवल्या.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. म्हणजे पाच वर्षांत फरक २०२ मिनिटांवरून २०१ वर आला. ही सरासरी घरकामात सहभाग घेतलेल्यांचीच आहे. २०१९ मध्ये असा सहभाग असलेले पुरुष जेमतेम २६ टक्के होते, स्त्रिया ८१ टक्के.

या श्रमांना पैशांत मोल आहे, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. अपघातात मरण पावलेल्या गृहिणीच्या भरपाईसंबंधीच्या 'कीर्ती' खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये न्या. रमणा यांनी याच २९९ आणि ९७ मिनिटांचा दाखला देत गृहिणीचे मानीव उत्पन्न धरायला हवे, असे नमूद केले. हातातले दुसरे काम करता करता डोक्यात चाललेली जुळवाजुळव मात्र मिनिटांच्या अशा हिशेबात सहसा उतरत नाही.

मग विकतचा फराळ हे उत्तर नाही का?

काही अंशी आहे आणि ते कमी लेखू नये. बचत गट आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या हजारो जणींना दिवाळीच्या हंगामात त्यातून चार पैसे मिळतात. घरात केलेल्या करंजीला भाव नसतो, विकलेल्या करंजीला किलोचा दर असतो. ज्यांच्या हाताला हा दर मिळतो, त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा कसला?

पण बाहेरून येते ती करंजी. काळजी घरातच राहते. कुणाचे तूप चांगले हे विचारायचे, मागणी नोंदवायची, आणायचे, डब्यांत भरायचे आणि 'यंदा घरी नाही का केलं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचे, हे सगळे तिच्याकडेच. तो प्रश्न घरातल्या पुरुषाला कुणी विचारत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ च्या शोधनिबंधात घरकामाच्या या वैचारिक बाजूचे चार टप्पे सांगितले : गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ते पार पडले की नाही यावर लक्ष ठेवणे. फराळ विकत आणला तरी यांतला एकही टप्पा टळत नाही.

'तिला आवडतं करायला' हे कितपत खरे?

अनेकींना खरेच आवडते. सुबक चिरोटा उलगडल्याचा आनंद खोटा नसतो. पण आवड आणि सक्ती ओळखायची एक साधी कसोटी आहे : एखाद्या वर्षी तिने काहीच केले नाही, तर तिला कुणाला कारण द्यावे लागेल का? लागणार असेल, तर ती नुसती आवड नाही.

'मदत' हा शब्दही तपासायला हवा. 'मी तिला मदत करतो' म्हणताना काम तिचेच, हे आपण गृहीत धरलेले असते. 'सांग, काय करू?' असे विचारणारा हात देतो, पण सांगण्याचे काम पुन्हा तिच्यावरच टाकतो.

वाटणी करायची तर कशी?

पहिली गोष्ट, तुकडे नव्हे, पदार्थ वाटून घ्यावेत. चिवडा एकाचा म्हणजे पातळ पोहे आणण्यापासून भाजणे, फोडणी, डबा आणि शेवटी कढई घासणे इथपर्यंत त्याचाच. चिवड्यापासून सुरुवात करणे सोपे. त्यात पाकाची तार जमवावी लागत नाही. पहिल्या वर्षी पोहे आकसले तर आकसलेले खावेत, टोमणे मारू नयेत.

दुसरी, प्रमाण लिहून काढावे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्यांच्या हाती स्वयंपाक दिला. आपल्या घरची भाजणी मात्र अजून आईच्या अंदाजात असते. अंदाज एकीकडेच राहिला की काम तिच्याकडेच राहते आणि तिच्यानंतर ती चवही जाते. यंदा ती भाजणी करत असताना वजनकाटा जवळ ठेवून आकडे टिपून घ्यायला कुणाची हरकत आहे?

तिसरी, यादी आखूड करावी. आठ पदार्थ केलेच पाहिजेत, असा कोणताही नियम नाही. तीन घरचे, दोन विकतचे अशी दिवाळीही गोडच होते.

यंदा फराळाची यादी कोण करणार, हे आधी ठरवावे. घरचा की विकतचा, हे त्यानंतर सगळ्यांनी बसून ठरवता येईल.