कनातीच्या आत

सातारा-सांगलीच्या गावांत यात्रा म्हटली की तमाशाची कनात आलीच. रंगमंचावर कलावंत सर्वांची. कनातीच्या आत ती फक्त स्वतःची. हे साधे भान मोबाइलने पुसले.

२०२३च्या फेब्रुवारीत नृत्यांगना गौतमी पाटील यांचे कपडे बदलतानाचे चोरटे चित्रण पसरवले गेले. पुण्यात गुन्हा नोंदला गेला. इकडे आमच्या कट्ट्यावर पिकल्या केसांची मंडळी तो फोन हातोहात फिरवत होती. “आपण कुठे काढलंय? फक्त पुढे पाठवलं!” मी गप्प बसलो, ही खंत आजही आहे.

कायद्याला ही पळवाट मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई असे चित्रण करणारा आणि पुढे धाडणारा, दोघांनाही एकाच मापाने मोजते : ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. तो नाचणारीलाही आहे.

बँकेतल्या नोकरीत खातेदाराची शिल्लक मी घरीही कधी बोललो नाही. दुसऱ्याची लाज ही त्याहून मोठी ठेव. पोलीस प्रत्येक खिशात पोहोचणार नाहीत. असे काही फोनवर आले, तर ते तिथेच थांबवा; आणि का थांबवले, हे घरातल्या मुलांना सांगा.