कुलूपबंद घराचा आकडा

‘जिल्ह्यात इतक्या टक्के स्त्रियांना रक्तक्षय’ अशी बातमी वाचून तुम्ही मान डोलावता. मी म्हणतो, आधी प्रश्न विचारा.

दिवाळीनंतर लिंबागणेशच्या परिसरात फिरून पाहा. अनेक घरांना कुलूप दिसेल, कारण माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. तेव्हा सर्वेक्षणवाले आले तर विचारणार कोणाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ६ लाख ३७ हजार घरांत विचारपूस झाली. निवडलेल्या प्रत्येक गावात किंवा वस्तीत साधारण २२ घरं. दर ५०० घरांतून एक निवडलं, तर ते एक घर ५०० घरांच्या वतीने बोलतं. यालाच ‘भार’ म्हणतात. उत्तर न मिळालेल्या घरांचा भार संगणक उत्तर देणाऱ्या घरांवर वाटतो. हिशेब चोख असतो, पण त्यामागे एक गृहीत असतं: दोन्ही घरं सारखीच आहेत. टोळीसोबत गेलेली बाई आणि गावात राहिलेली बाई सारखी असते का हो? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सुमारे १७ टक्के. हे दुखणं शेजारणीच्या उत्तरातून कसं कळणार?

दुसरी गोष्ट. एकाच गावातल्या २२ घरांचं पाणी एक, दवाखाना एक. म्हणून त्या २२ पूर्ण वेगळ्या साक्षी नव्हेत. नमुना गावागावाने घेतलाय हे संगणकाला सांगितलं नाही, तर तो चूक कमी दाखवतो आणि आकडा उगाच ठाम वाटतो. समजा ४० टक्के छापले, तर खरा आकडा ३४ ते ४६ मध्ये कुठेही असू शकतो. पण ही मर्यादा बातमीत येते का?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण तळाचा भात वर आलाच नाही, तर कुठलं शीत तपासणार?

माझं म्हणणं सर्वेक्षणं बंद करा, असं नाही. ती मला रोज लागतात. म्हणणं एवढंच: ऊसतोडीच्या जिल्ह्यात पाहणी हंगामाआधी करा, किंवा ऊसतोडीच्या फडावर जाऊन करा. तुम्हीही आकडा वाचताना तीन गोष्टी विचारा. किती जणांना विचारलं? कधी विचारलं? चूक किती असू शकते?

आणि सर्वेक्षणवाली ताई दारात आली, तर तिला परत पाठवू नका. तुमचं उत्तर शेकडो घरांचं असतं.