नाव झाकणाऱ्यांच्या बाजूने

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात सायबर सुरक्षेवर एक कार्यशाळा झाली. वक्त्यांनी पडद्यावर हिमनगाचे चित्र दाखवले. पाण्यावरचे टोक म्हणजे आपले रोजचे इंटरनेट आणि पाण्याखालचा अजस्र, काळा भाग म्हणजे डार्क वेब. तेथे अमली पदार्थ मिळतात, शस्त्रे मिळतात, चोरलेली कार्डे मिळतात, असे सांगून त्यांनी समारोप केला, ‘‘जो नाव लपवतो, तो गुन्हा लपवतो.’’ टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या.

त्याच सत्रात वार्षिकांकासाठी एका विद्यार्थिनीचा लेख आला. घर कोरेगाव भीमा परिसरातले. १ जानेवारी २०१८ रोजी तिच्या घराने जे पाहिले ते तिने कोणालाही दोष न देता लिहिले होते. खाली एक ओळ होती : कृपया नाव छापू नये. संपादक मंडळात आम्ही होतो. एका सदस्याने कार्यशाळेतले ते वाक्य जसेच्या तसे उच्चारले आणि लेख परत गेला. आम्ही गप्प बसलो. प्रस्तुत लेख हे त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम हिमनगाचे पाहू. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. पाण्याखालचा तो प्रचंड भाग म्हणजे पासवर्डमागे असलेली बँकखाती, टपालपेट्या, रुग्णालयांच्या आणि कचेऱ्यांच्या नोंदी. डार्क वेब हा त्यातला चिमूटभर अंश. तेथे नेणारे टॉर हे साधनही कोणा तस्कराने घडवलेले नाही. त्याचे मूळ अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात सापडते. युक्ती साधी आहे. आपली मागणी सहसा तीन मुक्कामांवरून फिरवली जाते. पहिल्या मुक्कामाला आपण कोण ते कळते, पण कोठे निघालो ते कळत नाही. शेवटच्या मुक्कामाला कोठे ते कळते, पण कोण ते नाही. गुप्तचरांना जे आवश्यक वाटले, ते नागरिकाने वापरले की मात्र संशयास्पद ठरते!

येथे कोणी म्हणेल, की मग ते बाजार खोटे आहेत काय? मुळीच नाहीत. २०११ साली सुरू झालेल्या ‘सिल्क रोड’वर अमली पदार्थांचा व्यापार राजरोस चालला होता. बालकांच्या शोषणाची चित्रे विकणाऱ्यांबद्दल आमच्या मनात तसूभरही सहानुभूती नाही. पण हे बाजार बुडाले कसे, तेही पाहावे. सिल्क रोडचा चालक रॉस उल्ब्रिक्ट २०१३ मध्ये पकडला गेला. त्याचा माग लागण्यास, त्याने सुरुवातीला जाहिरात करताना आपल्याच नावाचा ई-मेल पत्ता उघड्यावर टाकला होता, ही चूक मोठे कारण ठरली. २०१७ साली ‘हांसा’ नावाचा बाजार डच पोलिसांनी गुपचूप ताब्यात घेतला, सुमारे महिनाभर स्वतःच चालवला आणि मग बंद केला. म्हणजे चिकाटीचा तपास झाला, की गुन्हेगार सापडतो. त्यासाठी साऱ्या गावाच्या घरांची दारे काढून ठेवावी लागत नाहीत.

आता ज्या गावामुळे हा लेख लिहावा लागला, त्याच्याकडे वळू. पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की भीमा नदीकाठी कोरेगाव लागते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ तेथे आहे आणि दरवर्षी लाखो लोक त्यास अभिवादन करण्यास येतात. लढाईला दोनशे वर्षे झाली, त्या दिवशी तेथे हिंसाचार झाला. आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेवरून जो खटला उभा राहिला, त्याला देशभर ‘भीमा कोरेगाव प्रकरण’ म्हणतात. गावाचे नावसुद्धा उलटे होऊन गेले!

त्या खटल्यात जून २०१८ मध्ये अटक झालेल्यांपैकी रोना विल्सन यांच्या संगणकातील पत्रे हा आरोपांचा मोठा आधार होता. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्या संगणकाची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या तिच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये परिचिताच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधून ‘नेटवायर’ नावाचे मालवेअर त्या संगणकात शिरले, बावीस महिन्यांहून अधिक काळ कोणीतरी त्यात वावरत होते आणि ती पत्रे त्यानेच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. हे कोणी केले, ते अहवाल सांगत नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे.

आम्हास एवढेच दाखवायचे आहे, की हे नेटवायर डार्क वेबच्या अंधारातून आणावे लागत नव्हते. दूरचा संगणक हाताळण्याचे साधन म्हणून ते एका उघड संकेतस्थळावर वर्षानुवर्षे विकले जात होते. ते संकेतस्थळ अमेरिकेने मार्च २०२३ मध्ये जप्त केले. तेव्हा हिमनगाच्या पाण्यावरच्या, उजळ माथ्याच्या टोकावरही हा माल मिळत होता. टॉर वापरल्याने असले मालवेअर अडले असते, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पण कार्यशाळेतल्या त्या वाक्याचा पाया येथे ढासळतो. संगणक नावानिशी, पत्ता ठाऊक, मालक समोर. तरीही आतले लेखन त्याचे आहे काय, यावर वर्षानुवर्षे वाद. नाव हे सत्याचे प्रमाणपत्र नव्हे. मग निनावीपणा तरी गुन्ह्याचे प्रमाणपत्र कसा ठरतो?

उलट, नावे गोळा करण्याचा सोस आपणास काय देतो, तेही पाहावे. २०२३ च्या ऑक्टोबरात रिसिक्युरिटी या अमेरिकी कंपनीने सांगितले, की सुमारे ८१.५ कोटी भारतीयांची आधार आणि पारपत्राच्या तपशिलांसह माहिती सायबर चोरांच्या बाजारात विक्रीस ठेवली गेली आहे. हा आकडा विक्रेत्याचा, म्हणून तो फुगवलेला असेल असे धरले, तरी विकायला काढलेला माल काय होता? लोकांची नावेच! आणि २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि तपशील पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. अनेक कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. चोर घरात येतो म्हणून दागिन्यांचा ढीग आणखी उंच करावा, तशातला हा प्रकार.

हे सारे मराठी माणसाने मराठी माणसास समजावून सांगावे लागावे, याचे आम्हास विशेष वाईट वाटते. आमची विद्याशाखा टोपणनावांवर पोसलेली आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे आली ती ‘लोकहितवादी’ या सहीने. १८८५ साली बालविवाहाविरुद्ध टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिणाऱ्या रखमाबाईंनी सही केली ती केवळ ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची. त्या वेळी नांदायला येण्यासाठी नवऱ्याने लावलेला दावा त्यांच्या डोक्यावर होता. पुढे वेळ आली तेव्हा नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाण्याची तयारी त्यांनी उघडपणे दाखवली. त्या भित्र्या नव्हत्या. नाव कधी झाकावे आणि कधी उघड करावे, हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला, इतकेच.

रखमाबाई आम्ही वर्गात शिकवतो. परीक्षेत त्यांच्यावर दहा गुणांचा प्रश्नही काढतो. आणि कोरेगाव भीम्याच्या बाजूची एक मुलगी, जिला त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत उद्या पुन्हा राहायचे आहे, तेवढीच मुभा मागते, तेव्हा आम्ही तिला गुन्हेगारांच्या रांगेत उभे करतो.

यंदाच्या वार्षिकांकाची बैठक जवळ आली आहे. तो लेख पुन्हा मागवावा आणि नावाशिवाय छापावा, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्यावर आमची नावे असतील. ती झाकण्याची गरज आम्हास नाही, कारण आमची नोकरी कायम आहे आणि घर पुण्यात आहे. ज्याला ही सोय नाही त्याच्या बुरख्याला हात घालण्याचा अधिकार आम्हास कोणी दिला, हे मात्र त्या टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाने, आमच्यासकट, स्वतःस विचारावे.