ताटातले टाकीत

दूधवाल्याने दुधात पाणी घातले तर आपण त्याला भेसळ म्हणतो. शासनाने पेट्रोलात मद्यार्क घातला तर त्यास धोरण म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. दूधवाला स्वतःच्या लाभासाठी पाणी घालतो. शासन राष्ट्रहिताचा हवाला देते. पण पैसे मोजणाऱ्याला आपण काय विकत घेतो हे कळले पाहिजे आणि नको असेल तर ते नाकारता आले पाहिजे, हा व्यवहाराचा साधा नियम दोन्ही ठिकाणी लागू पडतो. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. ते गाठताना हा नियम मात्र वाटेत कुठेतरी सांडला. साधे पेट्रोल घेण्याची मुभा ग्राहकास असावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्यच आहे. तथापि धोरण कायदेशीर असणे वेगळे आणि ते शहाणपणाचे असणे वेगळे. शहाणपणाचा निवाडा न्यायासनासमोर नव्हे, लोकांसमोर व्हायचा असतो आणि तो अद्याप झालेला नाही.

प्रथम शासनाची बाजू न्याय्यपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. आपला देश आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणतो. आखातात कोठे ठिणगी पडली की तिची झळ म्हापशाच्या बाजारातील भाजीला लागते. या परावलंबनातून सुटण्याची धडपड कोणीही केली तरी तिचे स्वागतच केले पाहिजे. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, तो दहा वर्षे रखडला. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेले आणि मूळ २०३० साठी ठरवलेले २० टक्के पाच वर्षे आधीच साध्य झाले. साखर कारखान्यांना दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि उसाची थकलेली बिले पूर्वीपेक्षा लवकर चुकती होऊ लागली. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा चढा आहे आणि त्याच्या मिश्रणाने धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटतो. हे सारे खरे आहे आणि ते नाकारून टीका करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत या कार्यक्रमामुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले आणि सुमारे २४५ लाख टन कच्च्या तेलाची गरज भागली, असे केंद्र शासनाने म्हटले आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे. परंतु देश एका वर्षात २३ कोटी टनांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. म्हणजे दहा वर्षांच्या खटपटीचे फळ पाच-सहा आठवड्यांच्या आयातीइतके! याचे कारणही उघड आहे. देशातील पेट्रोलियम पदार्थांच्या एकूण वापरात पेट्रोलचा हिस्सा सुमारे एक षष्ठांश आहे; मोठा वाटा डिझेलचा. त्यात एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. हे सारे जमेस धरले तर २० टक्के मिश्रणाने देशाची तेलाची भूक दोन-अडीच टक्क्यांनी शमते. एवढ्या लाभासाठी आपण काय काय पणाला लावले आहे, हे पाहू.

पहिला भुर्दंड वाहनधारकाला. नीती आयोगानेच २०२१ मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात जुन्या घडणीच्या चारचाकी गाड्यांचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाक्यांचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. त्याच आराखड्यात दोन शहाणपणाच्या सूचना होत्या. जुन्या वाहनांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध राहावे आणि मायलेजमधील तूट भरून निघावी म्हणून मिश्रित इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावे. वीस टक्क्यांचे लक्ष्य तेवढे उचलले गेले. या दोन सूचना मागे राहिल्या. आता सांगण्यात येते की इथेनॉलच महाग झाले आहे. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपयांवर गेली, ही शासनाचीच कबुली आहे. म्हणजे कमी ऊर्जेचा माल अधिक किमतीला घ्यायचा आणि तो ग्राहकाच्या टाकीत त्याला न विचारता ओतायचा. ज्याची मोटार नवी आहे, त्याला ही तूट जाणवणारही नाही. पण पणजीच्या किंवा मडगावच्या स्टँडवर दिवसभर उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या मोटारसायकल पायलटाला शंभर रुपयांमागचे तीन-चार रुपये कोणी परत द्यायचे?

आपल्या किनारपट्टीचे दुखणे तर आणखी वेगळे आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ असते; हवेतील दमट ओलही ते शोषून घेते. मिश्रणात पाणी प्रमाणाबाहेर गेले की मद्यार्क आणि पाणी तळाला जाऊन बसतात व पेट्रोल वर तरंगते. मग इंजिन सुरू होत नाही. झाले तरी जुने रबर आणि धातूचे भाग झिजू लागतात. इथेनॉलचे प्रमाण वाढले की ते थोडे अधिक पाणी पोटात सामावून घेते, हे मान्य. पण मृगापासून गणेशचतुर्थीपर्यंत जिथे भिंतींनाही घाम फुटतो, तिथे दिल्लीच्या हवेत आखलेला हिशेब चालणार कसा? पावसाळ्यात झावळ्यांखाली शाकारून ठेवलेल्या होडीच्या आउटबोर्ड मोटरीत राहिलेले पेट्रोल दोन महिन्यांनी कोणत्या अवस्थेत असेल, याचा विचार इंधनधोरण ठरवणाऱ्यांनी केला असेल असे आम्हांस वाटत नाही. समुद्रात इंजिन बंद पडणे आणि रस्त्यावर बंद पडणे यांतील अंतर फक्त दर्यावर्द्यालाच कळते.

तथापि यंत्राचे दुखणे यंत्रापुरते. खरा प्रश्न अन्नाचा आणि पाण्याचा आहे. सुरुवातीस सांगण्यात आले की मळीपासून, म्हणजे साखरेच्या उरल्यासुरल्या अंशापासून, इथेनॉल निघेल. मळी पुरेना म्हणून उसाचा रस आला. तोही पुरेना म्हणून मका आणि तांदूळ आले. आज इथेनॉलच्या कच्च्या मालात मक्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. परिणाम असा की मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला आणि कोंबड्यांच्या खाद्याचे भाव चढल्याने पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. तेलाची आयात टाळण्यासाठी मक्याची आयात, याला आगीतून फुफाट्यात म्हणतात! तांदळाची कथा याहून विषण्ण करणारी. अन्न महामंडळाला जो तांदूळ किलोमागे सुमारे ४० रुपयांना पडतो, तो २०२५ मध्ये साडेबावीस रुपयांनी मद्यार्क भट्ट्यांना देण्याचे ठरले आणि त्यासाठी ५२ लाख टनांची तरतूद झाली. कोठारे भरून वाहत आहेत, हे त्याचे समर्थन. एक किलो तांदळापासून अर्धा लिटरही इथेनॉल निघत नाही. पाच लिटरांच्या टाकीतील एक लिटर इथेनॉल जर तांदळाचे असेल, तर त्या टाकीत दोन किलोंहून अधिक तांदूळ गेला. शीत-कडीवर दिवस काढणाऱ्या घरात तेवढ्यात किती पाने वाढली जातात, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे.

पाण्याचा हिशेब आणखी कठोर आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हेही नीती आयोगानेच लिहून ठेवले आहे. शेजारच्या महाराष्ट्रात लागवडीखालील जमिनीच्या लहानशा तुकड्यावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पिऊन टाकतो, हे दुखणे जुने आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला न्यावे लागले, ते दृश्य विसरण्याइतकी वर्षे अजून लोटलेली नाहीत. २०२३ साली पाऊस रुसला, ऊस घटला आणि साखरेचे भाव भडकण्याच्या भीतीने त्याच वर्षीच्या ७ डिसेंबरला शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यास बंदी केली. कर्जे काढून भट्ट्या उभारणारे कारखानदार ओरडले, तेव्हा आठवड्याभरात ती सैल केली. एका पावसाच्या लहरीवर ज्याचे आसन डळमळते, त्याला ऊर्जासुरक्षा म्हणावे काय?

हा अनुभव आपल्यालाच नवा आहे असेही नव्हे. १९७३ च्या तेलसंकटाने हादरलेल्या ब्राझीलने नोव्हेंबर १९७५ मध्ये मद्यार्क इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. अफाट जमीन, भरपूर पाऊस आणि बारमाही ऊस हे त्या देशाचे वैभव. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी निव्वळ मद्यार्कावर चालणाऱ्या होत्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखर महागली, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला आणि १९८९-९० च्या सुमारास मद्यार्कासाठी पंपांवर रांगा लागल्या. लोकांचा त्या मोटारींवरील विश्वास उडाला. तो परत यावयास २००३ साल उजाडले, जेव्हा पेट्रोल आणि मद्यार्क कोणत्याही प्रमाणात चालणारी मोटार बाजारात आली. म्हणजे ब्राझीलनेही शेवटी निवड ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हाच गाडे रुळावर आले. अमेरिकेने मक्याचे इथेनॉल सक्तीने वाढवले, तेव्हा २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोतील गरिबाची रोटी महागली आणि लोक रस्त्यावर उतरले. एकाच्या टाकीचा आणि दुसऱ्याच्या ताटाचा संबंध असा असतो.

मग पर्याय कोणता, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. एक हेक्टर उसाचे ८० टन उत्पादन धरले, तर टनाला ७० लिटरप्रमाणे ५,६०० लिटर इथेनॉल मिळते. लिटरला दहा किलोमीटर धरता मोटार वर्षाला ५६ हजार किलोमीटर जाईल. त्याच हेक्टरवर सूर्यपटले मांडली, तर वर्षाला सुमारे सात लाख युनिट वीज मिळते आणि युनिटला सहा किलोमीटरप्रमाणे विजेची मोटार चाळीस लाखांवर किलोमीटर धावते. चिपाड-मळीचे मोल उसाच्या बाजूने घातले, तरी हे अंतर भरून निघण्यासारखे नाही. शिवाय सूर्याला शेतच हवे असे नाही, छप्पर चालते. घराच्या छपरावरील सौर संचासाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राकडून ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आपल्या शाळा, पंचायतघरे आणि सरकारी कचेऱ्या यांची छपरे किती झाकली गेली, हे डोळे वर करून कोणीही पाहावे.

विजेची वाटही निष्कंटक नाही, हे आम्ही लपवू इच्छित नाही. देशातील बहुतांश वीज आजही कोळशाची आहे, बॅटरीची खनिजे परदेशातून येतात आणि वीज वाहून आणणाऱ्या तारांसाठी रान तोडण्याची पाळी येते तेव्हा काय होते, हे २०२० मध्ये मोल्याच्या प्रश्नावर गोमंतकीय तरुणांनी दाखवून दिले. फुकटची ऊर्जा जगात कोठेच नाही. म्हणूनच सर्वांत स्वस्त इंधन म्हणजे न जाळलेले इंधन. घरटी दोन-दोन वाहने आपण हौसेने घेतलेली नाहीत. सायंकाळी सातनंतर गावाकडे बस नाही म्हणून घेतली आहेत. कदंबच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आल्या, त्यांची संख्या आणि फेऱ्या वाढवल्यास जेवढे पेट्रोल वाचेल, तेवढे वाचवण्यास किती ऊस गाळावा लागेल याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडावा.

उसाचा विषय निघाला म्हणून घरचेही बोलले पाहिजे. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून बंद आहे आणि त्या जागी खासगी भागीदारीतून इथेनॉल प्रकल्प उभारण्याची भाषा वर्षानुवर्षे चालू आहे. सांगे, केपे, सत्तरी येथील ऊस उत्पादक आंदोलने करून थकले. अनेकांनी ऊस सोडला. त्यांना न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण उद्याच्या भट्टीला पुरेल इतका ऊस या भूमीत आहे काय? नसल्यास बाहेरचा मका आणि तांदूळ आणून ती धगधगती ठेवायची काय आणि तिला लागणारे पाणी कोणाच्या वाट्याचे? या प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याविना शेतकऱ्याला इथेनॉलचे गाजर दाखवणे ही त्याची दुसऱ्यांदा फसवणूक ठरेल.

इथेनॉल सर्वस्वी टाकाऊ आहे, असे आमचे म्हणणे नाही. मळीतून आणि भाताच्या पेंढ्यातून ते निघत असेल, तर अवश्य काढावे. पानिपत येथे पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, ती दिशा योग्य आहे. परंतु २०२५ मध्येच २७ टक्के मिश्रणाची कुजबुज सुरू झाली होती. त्या पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी शासनाने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत लिहावे; जुन्या वाहनांसाठी आणि होड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल ठेवावे; आणि माणसाच्या तोंडी जाणारे धान्य भट्टीत किती जाऊ द्यायचे, याची मर्यादा संसदेत चर्चा करून ठरवावी.

परकीय तेलाचे जोखड उतरलेच पाहिजे. पण स्वावलंबन म्हणजे स्वतःच्याच घरातील एकाचे ताट ओढून दुसऱ्याची टाकी भरणे नव्हे. स्वदेशीचा मंत्र ज्यांनी या देशाला दिला, त्यांनी तो भुकेल्या माणसाकडे पाहून दिला होता. पंपावरील काटा फिरताना तेवढे स्मरण राज्यकर्त्यांनी ठेवावे.