पायमोजे काढा, असे कोण सांगणार?

भारतात मधुमेह असलेल्या लोकांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली हा आकडा पुढे आला. या रुग्णांची तपासणी कशी करावी, याबद्दल वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही. याच परिषदेच्या टाइप २ मधुमेहाविषयीच्या मार्गदर्शक सूचना २०१८ पासून उपलब्ध आहेत. जगभरच्या अशा सूचनांचे सांगणेही जवळपास एकच आहे. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजा. साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी आणि असेल तर वर्षातून किमान दोनदा एचबीए१सी तपासा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि पाय तपासा.

यात अवघड काय आहे? पायाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक जाड धागा पुरतो. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. तो टेकलेला रुग्णाला कळला नाही, तर धोका ओळखायचा. तरीही मोठ्या तज्ज्ञांकडे वर्षानुवर्षे जाणाऱ्या आपल्या घरातल्या माणसांना विचारून पाहा, डॉक्टरांनी शेवटचे पायमोजे कधी काढायला लावले होते?

हा डॉक्टरांच्या ज्ञानाचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. आपली ओपीडी तक्रारीवर चालते आणि मधुमेह तक्रार न करता नुकसान करतो, खरी अडचण ही आहे. पाय बधिर झाला की चपलेने झालेली जखम दुखत नाही. डोळ्याचा पडदा बराच खराब होईपर्यंत दिसायला कमी येत नाही. मूत्रपिंडाचेही तसेच. रुग्ण ‘बरे आहे’ म्हणतो, डॉक्टर रिपोर्टमधली साखर पाहतात, गोळी तीच राहते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. त्यात हृदयाचे डॉक्टर वेगळे, डोळ्यांचे वेगळे. प्रत्येकाला वाटते, बाकीचे दुसऱ्याने पाहिले असेल. पाय तर कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

गर्दीत वेळ नाही, हे उत्तर खरे आहे. पण ही सगळी कामे डॉक्टरांनीच करावीत असे कुठे आहे? वजन, रक्तदाब, पाय पाहणे आणि डोळ्यांच्या शेवटच्या तपासणीची तारीख विचारणे, एवढे प्रशिक्षित परिचारिका बाहेरच करू शकते. एका कागदावर हे रकाने असावेत आणि तो कागद रुग्णासोबत प्रत्येक डॉक्टरकडे जावा. रिकामा रकाना दिसला की तपासणी विसरली जात नाही.

‘प्रत्येक रुग्ण वेगळा, त्याला छापील नियम कसा लावणार?’ असाही आक्षेप घेतला जातो. पण ही मुभा सूचनांमध्येच आहे. वृद्ध, अशक्त माणसासाठी साखरेचे उद्दिष्ट सैल करता येते. उद्दिष्ट सैल केले म्हणून तपासणी टळत नाही.

त्या कागदावर आणखी एक प्रश्न हवा : उपवास किंवा रोजे करता का? २००१ साली १३ मुस्लिम देशांत झालेल्या ‘एपिडायर’ अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ७९ टक्के रुग्णांनी किमान १५ रोजे ठेवल्याचे आढळले. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रकारही रमजानमध्ये वाढलेले दिसले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या रमजानविषयक सूचना सांगतात की, सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, धोका तपासा, औषधांच्या मात्रा आणि वेळा ठरवून घ्या. रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडा. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. पण डॉक्टर विचारत नाहीत आणि ‘रोजे ठेवू नका’ हे ठरलेले उत्तर ऐकावे लागेल म्हणून रुग्ण सांगत नाही. मग सेहरी-इफ्तारच्या गोळ्या तो स्वतःच ठरवतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या बाईंनाही हाच प्रश्न विचारायला हवा.

दवाखाने ही व्यवस्था करतील तेव्हा करतील. तोवर रुग्णाने आपला कागद आपणच करावा, तपासण्या आणि तारखा लिहून तो डॉक्टरांपुढे ठेवावा. आणि खुर्चीवर बसताच, कुणी सांगायची वाट न पाहता, पायमोजे काढावेत.