फाटक्या पिशवीला दान म्हणू नका



मागच्या फेब्रुवारीत आम्ही तीन घरांनी मिळून आमच्या पोर्चमध्ये जुन्या सामानाची विक्री केली. अमेरिकेतली मुलं ज्याला गॅरेज सेल म्हणतात, तसंच काहीसं. त्यानंतर महिनाभर मंदिरात मला तीन प्रश्न ऐकू आले. पहिला : "घरी सगळं ठीक आहे ना?" दुसरा : "चार पैशांसाठी एवढी खटपट कशाला?" आणि तिसरा, जरा खालच्या आवाजात : "विकण्यापेक्षा दान नसतं का केलं?"

तिन्हींची उत्तरं आज एकदाच देते.

पहिला प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. आपण व्यापारी माणसं. घरातली भांडीकुंडी दारात मांडली म्हणजे दिवाळं निघालं, हे आपण लहानपणापासून ऐकलं. इतवारीत ज्यांचे व्यवहार नुसत्या शब्दावर चालत, त्यांच्यासाठी ही भीती खरीच होती. पत गेली की उधारी बंद. पण आज? जुनी गाडी एक्सचेंजमध्ये देताना कुणी विचारत नाही घरी ठीक आहे का. जुना मोबाइल देऊन नवा घेतला तर हुशारी. जुन्या पाटल्या मोडून नव्या केल्या तर हौस. आणि भांडेवाली दारात आली की सहा साड्या आणि ह्यांच्या दोन पँट देऊन एका स्टीलच्या डब्यासाठी तासभर घासाघीस आपण सगळ्यांनीच केली आहे. ती विक्री नव्हती तर काय होतं? म्हणजे लाज विकण्याची नाहीच. शेजारणीनं पाहण्याची आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माझं बी.कॉम. जागं होतं. वस्तूवर दरवर्षी घसारा लागतो, हे दुकानाच्या खात्यात आपल्याला पटतं. घरात पटत नाही. पंधरा वर्षांपूर्वी आठ हजाराला घेतलेलं मशीन आपल्या मनात अजून आठ हजाराचंच असतं. तो पैसा गेला, बुडाला. आता ते मशीन फक्त जागा खातं. नागपुरात चौरस फुटाचा आजचा भाव घरातल्या पुरुषांना विचारा, आणि त्या भावानं माळा, पलंगाखालची जागा आणि मागची गॅलरी मोजा. अडगळ फुकट राहत नाही, बायांनो. तिचं भाडं आपण भरतो.

आता तिसरा प्रश्न. हा लेख खरं तर त्यासाठीच आहे.

दरवर्षी दिवाळीची सफाई झाली की मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना दोन मोठ्या पिशव्या द्यायची. कपडे, डबे, चादरी, जुन्या चपला. दिल्या की फार बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी पिशवी हातात घेऊन त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "काकू, राग नका मानू. यातलं अर्धं मी पुढच्या चौकातल्या कचऱ्यात टाकून देते. घरी ठेवायला जागा नाही. पण तुम्ही देता, तर नाही कसं म्हणू?"

मी काहीच बोलले नाही. त्या गेल्यावर पिशवी उघडून पाहिली. इलास्टिक गेलेले परकर, झाकण नसलेले डबे, एका पायाची चप्पल. एका पायाची! अकरा वर्षं मी त्या बाईकडून माझा कचरा वाहून नेत होते, आणि वर तिनं माझे आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा. त्यात उमास्वामींनी दान म्हणजे काय ते सांगितलं आहे : आपल्या आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी आपली वस्तू सोडणं. पुढे हेही सांगितलं आहे की दानाचं मोल विधी, द्रव्य, देणारा आणि घेणारा यांवरून ठरतं. द्रव्य! म्हणजे वस्तू कशी आहे हे पाहायचं असतं. आहारदान देताना आपण तांदळातला खडा न् खडा वेचतो, आणि कपड्याचं दान देताना बटणसुद्धा लावत नाही. त्याच अध्यायात परिग्रहाची व्याख्या आहे, आणि तिथे वस्तूचं नावही नाही. मूर्च्छेचं आहे. मग आठव्या दिवशी आपण उत्तम त्याग म्हणतो, नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य, आणि घरी येऊन माळ्याला कुलूप लावतो.

चांगल्या वस्तूचं दान हे विक्रीपेक्षा श्रेष्ठच; त्यात माझा वाद नाही. धुऊन, इस्त्री करून, "तुम्हाला हवं का?" असं आधी विचारून द्या. घेणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, एवढंच. गूंज ही संस्था १९९९ पासून जुन्या कपड्यांचं काम करते. खेड्यात लोक आपल्या गावचा रस्ता, तळं दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भीक म्हणून नाही. विक्रीतही तेच होतं. दहा रुपये देणारा माणूस वस्तू उलटून पाहतो, नाक मुरडतो, पुढे जातो. तो आपला उपकारबद्ध नसतो.

आणखी एक गोष्ट, जी आपण बोलत नाही. साठवलेल्या गादीत ढेकूण होतात, बंद पेटीत कसर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत झुरळं, लाकडात वाळवी. मग आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. पाणी गाळून पिणारी आपण माणसं, आपल्याच अडगळीत जीव वाढवतो आणि मग औषध मारतो. ही हिंसा कुणाच्या खात्यात लिहायची?

आता विक्री कशी केली ते सांगते, म्हणजे उरलेल्या शंका मिटतील.

वेळ : फेब्रुवारीचा शेवट, होळीच्या आधी. नागपूरकराला तेव्हाच कूलरची आठवण येते. दिवाळीत कुणी न विचारलेला कूलर नवं गवत भरून, पाणी सोडून, चालू करून दाखवला, तर दोन विद्यार्थ्यांनी अठराशेला नेला. शाळेची पुस्तकं मात्र जूनसाठी ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मे महिन्यात हा उद्योग नको, उन्हानं आपणच आडव्या होऊ. दसऱ्यालाही नको, दीक्षाभूमीच्या गर्दीत पाव्हणे तुमच्या गल्लीत पोचायचे नाहीत.

तयारी : तीन घरं एकत्र आलात तर गिऱ्हाईक टिकतं आणि लाजही तिघींत वाटली जाते. प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी, घराघराच्या वेगळ्या रंगाची. "काय द्यायचं ते द्या" म्हणू नका. गरीब माणूस संकोचतो आणि चलाख माणूस फायदा घेतो. विजेची वस्तू प्लग लावून दाखवा, दोष आधी सांगा. दहा-वीसच्या नोटा सुट्ट्या ठेवा. वही घाला : वस्तू, घर, रक्कम. सकाळी नऊला सुरू, सूर्यास्ताआधी बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उरलेलं एकही सामान पुन्हा घरात न्यायचं नाही. कबाडीवाल्याला आदल्या दिवशीच संध्याकाळी पाचला यायला सांगून ठेवा.

कराची भीती नको. स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तू प्राप्तिकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. दागिने, चित्रं, पुराणवस्तू मात्र धरतात.

काय विकू नये : उंदराचा सापळा आणि डास मारायची रॅकेट. हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं हे हिंसादान, अनर्थदंडात येतं. मोडा आणि टाका. जिनवाणीची पुस्तकं रद्दीत नाहीत, मंदिराच्या स्वाध्यायाच्या कपाटात. आणि आजेसासऱ्यांच्या पेटीत हस्तलिखित पोथी सापडली तर हात जोडून बाजूला ठेवा. ७५ वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेषात मोडतं, शिवाय ते आपल्या एकटीचं नसतंच.

आमचा हिशेब असा. ६४ वस्तू मांडल्या, ५१ गेल्या, १३ कबाडीत. एकूण ११,६५० रुपये. त्यातले आमच्या घराचे ४,८३०, दुसऱ्या घराचे ३,४००, तिसऱ्या घराचे ३,४२०.

तिसऱ्या घरच्या माझ्या मैत्रिणीबद्दल थोडं सांगते. भरलेलं घर, कशाला कमी नाही. पण चाळीस वर्षांत तिच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा कधी आला नाही. मंदिरातल्या पेटीत टाकायचे पन्नास रुपयेही मुलाकडे मागायचे. तिला कुणीतरी सुचवलं, हे पैसे तू दानात दे. तिनं मान हलवली आणि दिले नाहीत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बसनं रामटेकला शांतिनाथांच्या दर्शनाला गेलो. तिकीट तिनं काढलं, दोघींचं. पेटीतही टाकले, किती ते मी पाहिलं नाही. ज्यांना विक्री हलकी वाटते, त्यांनी आधी आपल्या ओळखीतल्या किती बायकांच्या हातात विचारल्याशिवाय खर्च करता येतील असे पैसे आहेत ते मोजावं.

त्या दिवशी आमच्या ताईही आल्या होत्या. काम करायला नाही, घ्यायला. पाच लिटरचा कुकर उचलला, झाकण लावून पाहिलं. चिठ्ठीवर अडीचशे होते. मी म्हणणार होते, "असाच घेऊन जा ना." तोंडापर्यंत आलं होतं. त्या म्हणाल्या, "रबर सैल आहे, काकू. दोनशे देते." मी दोनशे वीस म्हटलं. त्या दोनशेवरच अडल्या. दोनशेला दिला.

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच भांडल्या, आणि जिंकल्या.

माझंही सगळं सुटलं असं समजू नका. मुलाच्या लग्नातला न उघडलेला डिनर सेट मी दोनदा बाहेर मांडला आणि दोनदा आत नेला. माझाच नियम मीच मोडला. मूर्च्छा ती हीच. यंदा तो पहिल्या टेबलावर असेल, असं इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण यंदा पिशवी भरताना आधी ती एक चप्पल बाहेर काढा.