एकाच पाळीतले सोबती

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याच्या उपचाराला, म्हणजे हिमोडायलिसिसला, आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास द्यावे लागतात. मात्र रक्तातील विषारी द्रव्ये आणि साचलेले पाणी काढणारे हे यंत्र झिजलेला स्नायू भरून देत नाही. रक्तातील वाढलेली आम्लता, डायलिसिसमध्ये निसटून जाणारी अमिनो आम्ले, मंदावलेली भूक आणि उपचारानंतरचा थकवा यांमुळे मांड्यांतले बळ ओसरते आणि मुंबईतल्या घाटकोपर स्थानकाचा पूल चढणेही परीक्षा ठरते.

हे बळ टिकवायला व्यायाम हवा, आणि समूहाने व्यायाम करणे मुंबईच्या उपनगरांना नवे नाही. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला तो अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातच. परंतु असे समूह धडधाकटांसाठी असतात. अशा समूहाबरोबर फिरून आल्यावर प्यायचे शहाळेसुद्धा, त्यातील पोटॅशियम निकामी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नसल्याने, या रुग्णाच्या हृदयाची लय बिघडवू शकते.

त्याचा खरा समूह डायलिसिस केंद्रातच असतो. सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरु-शनि अशा ठरलेल्या पाळीत तीच माणसे वर्षानुवर्षे शेजारच्या खाटांवर येतात, एकमेकांचे वाढलेले वजन आणि चुकलेले पथ्य जाणतात. तरीही हे चार तास बहुधा झोपेत नाहीतर मोबाइलवर जातात. जर्मनीत २१ केंद्रांतील ९१७ रुग्णांच्या वर्षभराच्या अभ्यासात डायलिसिस चालू असतानाच व्यायाम करणाऱ्यांचे एका मिनिटात खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे प्रमाण सरासरी १६ वरून १९ वर गेले, तर व्यायाम न करणाऱ्यांचे १५ च्या खाली घसरले. ब्रिटनमधील सहा महिन्यांच्या दुसऱ्या चाचणीत केवळ सायकलचे पायडल मारून जीवनमानात म्हणण्याजोगा फरक पडला नाही, हेही नोंदवले पाहिजे. म्हणूनच पायडलसोबत स्नायूंना ताण देणारे व्यायाम आणि दीर्घकाळचे सातत्य यांवर भर देणे शहाणपणाचे दिसते.

पथ्ये थोडी, पण कडक आहेत. व्यायाम पहिल्या दोन तासांत उरकावा, कारण पुढे पाणी काढले जाता जाता रक्तदाब उतरण्याचा धोका वाढतो. फिस्टुलाचा हात, म्हणजे रोहिणी व नीला जोडून सुयांसाठी सिद्ध केलेल्या वाहिनीचा हात, स्थिर ठेवावा आणि पाय व मोकळा हात वापरावा. यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. रबरी पट्टे, पायांना बांधायची वजने आणि पाळीला हजर राहणारा फिजिओथेरपिस्ट पुरतो, पण नेमका तोच बहुतेक ठिकाणी नसतो.

मुंबईत अपेक्स किडनी फाउंडेशनने डायलिसिसच्या रुग्णांसाठी ‘डायलिसिस ऑलिम्पियाड’ भरवून हे रुग्ण मैदानात उतरू शकतात हे दाखवले आहे. तथापि स्पर्धेचा दिवस वर्षातून एकदा उजाडतो आणि अंधेरी, बोरिवली वा मुलुंडच्या केंद्रांतील पाळी परवा पुन्हा भरते. नव्याने आलेल्या, घाबरलेल्या रुग्णाला शेजारच्या खाटेवरचा जुना रुग्ण पाय उचलताना दिसण्याची सोय त्या पाळीतच होऊ शकते.